दुय्यमाचा दाखला

कुही हे नागपूर जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण. आणि तालुक्याचे ठिकाण म्हटले की तहसील कचेरी आली, तिच्या आवारात झाडाखाली अर्जनविसाचे मेज आले, दस्त, दाखले, फेरफार, हरकती यांचा नित्याचा कोलाहल आला, आणि त्या कोलाहलातच कोठेतरी भिंतीवर 'दुय्यम निबंधक' अशी पाटीही आली. फारसीत 'दोयम' म्हणजे दुसरा. तोच शब्द मराठी दप्तरात शिरताना 'दुय्यम' झाला आणि वरिष्ठाच्या हाताखालचा, खालच्या पायरीवरचा, असा किंचित दीनवाणा अर्थ त्याला कायमचा चिकटला. परंतु दिवाळी सरून भाऊबीज उजाडली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या, की हाच शब्द कचेरीची पायरी उतरून गुलाबी-पिवळ्या कागदांवर ठसठशीत अक्षरांत छापला जातो आणि चहाच्या टपऱ्यांवर, विजेच्या खांबांवर झळकतो : 'दुय्यम खडी गंमत'. तेथे त्याच्यात दैन्याचा लवलेशही नसतो. तेथे दुय्यम म्हणजे दुहेरी सामना. एकाच मैदानात समोरासमोर उभे राहणारे दोन फड, एक कलगीचा आणि एक तुऱ्याचा. एकट्या फडाची गंमत ऐकायला गाव जमते, पण दुय्यम ऐकायला पंचक्रोशी लोटते. कारण एकटा शाहीर गातो एवढेच, दुसरा समोर उभा राहिला म्हणजे तो भांडतोही.

वृत्तपत्रांचे वाचक 'कलगीतुरा' हा शब्द रोज वाचतात. विधिमंडळात दोन पुढाऱ्यांची शाब्दिक झटापट झाली की 'कलगीतुरा रंगला' असा मथळा ठरलेला. मात्र हा मथळा देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो प्रत्यक्ष रंगताना पाहिला असेल, याविषयी मला दाट शंका आहे. कारण ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना पुढाऱ्यांच्या त्या बेसूर कलहाला ते नाव देताना थोडी तरी लाज वाटली असती.

कलगी आणि तुरा हे दोन्ही शब्द पागोट्यावरचे. एक पक्ष्याच्या पिसांचे शिरोभूषण, दुसरा मोत्यांचा वा जरीचा झुपका. दोन्ही परकी, दोन्ही दरबारी, दोन्ही खिलतीसोबत मिळणारी. माळवा-बुंदेलखंडाकडे जी आख्यायिका सांगतात तिच्यात तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा चंदेरीच्या राजापुढे काव्यवाद झाला. दोघांपैकी कोणीच हटेना, तेव्हा राजाने आपल्या शिरपेचातील तुरा गोसाव्याला दिला आणि कलगी फकिराला. गोसावी भगवा, फकीर हिरवा. गोसावी शिवाचा पक्ष घेई, फकीर शक्तीचा. आख्यायिकेला इतिहासाच्या कोर्टात साक्षीला उभे करू नये हे खरे. तथापि तिच्यातील एक तपशील मला फार सूचक वाटतो, तो असा की राजाने निकाल दिलाच नाही. त्याने एकाच पागोट्याची दोन भूषणे वाटून दिली आणि भांडण पुढे चालू राहील अशी कायमची तजवीज केली. राजस्थानातील तुर्रा-कलंगीचे ख्याल, आग्ऱ्याकडील चंगावरची ख्यालबाजी आणि आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या लावण्या या एकाच भांडणाच्या पोटशाखा होत. आणि ज्या नागपूर प्रांतात हिंदी आणि मराठी यांच्या शिवा एकमेकींत मिसळल्या आहेत तेथे हे दोन्ही प्रवाह एकमेकांना भेटावेत यात नवल नाही.

भांडणाचा विषय काय? तर या चराचराच्या आरंभी कोण होते : पुरुष की प्रकृती, शिव की शक्ती, ब्रह्म की माया? तुरेवाल्यांचा पक्ष शिवाचा, कलगीवाल्यांचा शक्तीचा. आई आधी की बाप आधी, असे त्याचे गावठी भाषांतर होते, आणि एवढ्या एका प्रश्नावर रात्रीच्या रात्री जागविल्या गेल्या. नवख्या माणसाला वाटावे, वेदान्तातील हा गहन विचार ढोलकीच्या तालावर नेणे म्हणजे त्याची विटंबना होय. कुहीच्या माणसाला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. त्याच्याच तालुक्यात, जेथे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम होतो, तेथे अंभोरा नावाचे क्षेत्र आहे. चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधी तेथे दाखवितात. आणि आद्यकवी मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, 'विवेकसिंधु' याच अंभोऱ्यात, म्हणजे अंबानगरीत, रचला असे विदर्भातील अभ्यासक मोठ्या अभिमानाने प्रतिपादितात. मराठवाड्यातील अभ्यासक तितक्याच अभिमानाने तो मान अंबाजोगाईला देतात. हाही एक कलगीतुराच. फरक इतकाच की त्यात ढोलकी नाही आणि पहाटेपर्यंत कोणी हार-जीत मागत नाही. निकाल कोणत्याही बाजूने लागो, ब्रह्म आणि माया यांचा संबंध मराठीत मांडण्याचा जो पहिला मोठा प्रयत्न झाला त्याची स्मृती या नदीकाठाने जपली, आणि ज्या पंचीकरणाच्या, पंचवीस तत्त्वांच्या हिशोबावर भेदिक, म्हणजे कोडे घालणाऱ्या, लावणीतील कूटे उभारलेली असतात तो हिशोब येथल्या भजनी मंडळातील म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे. मांढळ हे गावही याच तालुक्यातले. तेथे वाकाटकांचे ताम्रपट आणि शैव शिल्पे मिळाली, म्हणजे शिवाचा पक्ष येथे दीड हजार वर्षांपूर्वीच दगडावर कोरून ठेवलेला आहे. कलगीवाले यावर म्हणतील की दगडावर कोरून ठेवावे लागले यातच सारे आले.

खडी गंमत हा प्रकार नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखाचा. पश्चिम महाराष्ट्रातील तमाशाचा हा भाऊ खरा, पण वेगळ्या घरात वाढलेला. 'खडी' एवढ्याचसाठी की यातली मंडळी रात्रभर उभी असतात. शाहीर उभा, झीलकरी उभे, ढोलकीवाल्याने ढोलकी कमरेला बांधलेली, डफ, तुणतुणे, चोणका, मंजिरी वाजविणारे सारे आपापली वाद्ये घेऊन पायांवर. पडदा नाही, विंग नाही. मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळात मालगुजाराच्या वाड्यापुढचे अंगण हेच नाट्यगृह. स्त्रीचे काम नाच्याने करावयाचे, आणि हसविण्याचे काम सोंगाड्याने. गण झाला, गवळण झाली, की गंमतीच्या फडात शाहीर पुढे सरसावतो, पागोट्याचा शेमला मागे टाकतो, आणि डफावर थाप मारून समोरच्या शाहिराला नावाने हाक घालतो. त्या हाकेसरशी पेंगणारी पोरे उठून बसतात.

१९५० च्या कायद्याने मध्यप्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होती, आणि कुही उमरेड तहसिलीत मोडत असे. मालगुजार गेला म्हणून गंमत मात्र गेली नाही. बिदागीचा भार गावाच्या वर्गणीवर आला इतकेच. गावोगावच्या मंडया वेगवेगळ्या तिथींना भरतात, त्यामुळे आज या गावात जो शाहीर हरला तो परवा पलीकडच्या गावात त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उभा असे, आणि त्याच्या पराभवाची बातमी त्याच्या आधीच बैलगाडीने तेथे पोचलेली असे. पराभवाची ही वार्ता पुसून काढण्यासाठी मधल्या दोन रात्री त्याने कोणत्या पोथीत डोके खुपसले असेल याची कल्पना करावी. पुराणे, उपनिषदांच्या गोष्टी, पंचांग, वैद्यक, शिवारातील झाडपाला, सर्व काही सवालाच्या कामी येई. अक्षरओळख बेताचीच असलेल्या माणसांनी गुरूच्या तोंडून शेकडो भेदिक कवने पाठ केलेली असत, आणि गुरूची वही कोणाच्या हाती लागू नये म्हणून ती धान्याच्या कणगीत लपविल्याच्या कथा आजही ऐकू येतात.

माझ्या लहानपणी एका मंडईत ऐकलेली एक चकमक मला अद्याप आठवते. शब्द हुबेहूब आठवत नाहीत. ते काही असले तरी युक्तिवादाची वळणे मनात पक्की बसली आहेत. कलगीच्या शाहिराने जुने, सर्वांच्या परिचयाचे अस्त्र काढले : 'शिव' या शब्दातली वेलांटी पुसा, काय उरते? 'शव' उरते; शक्तीवाचून तुमचा देव म्हणजे मुडदा. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, पण जाणती मंडळी गप्प राहिली, कारण हे अस्त्र सर्वांना ठाऊक होते आणि त्याची तोडही तुऱ्याजवळ असणार हे उघड होते. तुरेवाला सावकाश पुढे आला. त्याने सोंगाड्याला जवळ बोलावून सांगितले, जा बाप्पा, बाजारात जाऊन नुसती वेलांटी विकत घेऊन ये. अक्षर नको, फक्त वेलांटी. सोंगाड्या मैदानाला एक चक्कर मारून, दुकानोदुकानी विचारल्याचा अभिनय करून रिकाम्या हातांनी परत आला. "भेटत नाही जी! दुकानदार म्हणते, टेकायला अक्षर आणा, मग देतो." हशा इतका उसळला की ढोलकीवाल्याला ठेका सोडावा लागला. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने मात्र मान हलविली आणि हलक्या आवाजात म्हटले, "थांब गा पोरा, कलगी अजून संपली नाही."

आणि ती खरोखरच संपली नव्हती. कलगीचा शाहीर वयाने मोठा, आवाजाने किंचित फाटलेला. त्याने घोटभर पाणी पिऊन विचारले, शायरबुवा, ज्या अक्षराच्या बळावर तुम्ही पुरुषत्व मिरविता ते अक्षर व्याकरणात कोणत्या लिंगाचे? 'तो अक्षर' म्हणता की 'ते अक्षर'? आणि तुमचे ब्रह्म? तेही 'ते'च ना? क्षणभर मैदानात शांतता पसरली. मग शाळामास्तर बसले होते त्या बाजूने हसू फुटले आणि हळूहळू, जसजसा अर्थ कळत गेला तसतसे, ते मागच्या रांगांपर्यंत पसरत गेले. नुसती शिवी असती तर हशा एकदमच उसळला असता आणि एकदमच मावळला असता. हा मात्र समजूत पुढे सरकेल तसा पसरत होता, आणि तुरेवाला शाहीर, ज्याच्या पौरुषावर एवढा घाव बसला होता, तो स्वतःही हसू आवरू शकत नव्हता. पहाटे त्याने उत्तर शोधून काढले : 'या मा सा माया', जी नाही तीच माया, तुमच्या देवीने आपले नाव सांगतानाच आपण नसल्याची कबुली दिली आहे. पण तोवर बायाबापड्या उठून दूध काढायला निघाल्या होत्या, आणि पंचांनी बरोबरी जाहीर केली.

वादाच्या शर्ती कडक असत. जो हरेल त्याने डफावरचे चिन्ह उतरवून द्यावे, वेळी डफच द्यावा, असा दंडक पूर्वी होता असे जुने शाहीर सांगतात. आणि डफ गमावलेला शाहीर गावातून निघताना पोरे त्याच्यामागे कशी लागत याची वर्णने ते जरा जास्तच रसाळपणे करतात, विशेषतः तो शाहीर दुसऱ्या पक्षाचा असेल तेव्हा.

या संदर्भात युरोपातील पियानोवादकांच्या हेव्यादाव्यांच्या कथा वाचताना मला मोठी मौज वाटते. पियानो हे आमच्या खेड्यांनी न पाहिलेले वाद्य. त्याची गरीब नात्यातली बहीण, पायपेटी वा हातपेटी, तेवढी आमच्या फडांत उशिरा येऊन पोचली. तथापि मनुष्यस्वभाव पट्ट्यांच्या संख्येने बदलत नाही. १७८१ च्या २४ डिसेंबरला व्हिएन्नात बादशहा दुसऱ्या जोसेफने मोत्सार्ट आणि क्लेमेंती यांना रशियाच्या पाहुण्यांसमोर एकमेकांविरुद्ध वाजवायला बसविले. हाही दुय्यमच. बादशहाने चंदेरीच्या राजाप्रमाणेच कोणाला उघड हरविले नाही. क्लेमेंती पुढे मोत्सार्टची मुक्तकंठाने स्तुती करीत राहिला. मोत्सार्टने मात्र थोड्याच दिवसांत बापाला पत्र लिहून, हा मनुष्य केवळ यंत्र आहे, याच्यापाशी कवडीचीही रसिकता नाही, असा शेरा मारला. दहा वर्षांनी मोत्सार्टच्या 'जादूच्या बासरी'च्या आरंभसंगीतात क्लेमेंतीच्या त्याच दिवशीच्या एका रचनेतील सुरावट डोकावली, तेव्हा क्लेमेंतीने आपली ती रचना छापताना, ही आपण मोत्सार्टसमोर बादशहाच्या दरबारी वाजविली होती, अशी नोंद शांतपणे जोडून दिली. एवढा संयमी टोमणा मी आमच्या बाजूलाही ऐकलेला नाही.

पॅरिसमध्ये ३१ मार्च १८३७ रोजी बेलजोयोसो राजकन्येच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि थालबर्ग यांचा सामना झाला. प्रवेशाचे मूल्य चाळीस फ्रँक, आणि जमलेली रक्कम इटालियन निर्वासितांसाठी. सामन्यानंतर निकाल विचारला तेव्हा थालबर्ग हा जगातला पहिला पियानोवादक आणि लिस्ट हा एकमेव, अशा आशयाचे जे वाक्य राजकन्येच्या नावावर सांगितले जाते त्यात तिची बुद्धी आणि तिचा पक्षपात दोन्ही इतके बेमालूम मिसळले आहेत की ती कुहीच्या मंडईत पंच म्हणून सहज खपली असती. पुढच्या काळात मोरित्स रोझेनथाल नावाचा पियानोवादक आपल्या जिभेसाठी वादनाइतकाच प्रसिद्ध होता. पाडेरेव्स्कीचे कीर्तिशिखर त्या वेळी एवढे उंच की त्याला ऐकून आलेल्या रोझेनथालने म्हटले, वाजवितो चांगला, पण हा काही पाडेरेव्स्की नव्हे! आणि १९१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात पोरसवदा हायफेट्झचे व्हायोलिन ऐकताना व्हायोलिनवादक एल्मन घाम पुसत म्हणाला, येथे फार उकडते आहे. तेव्हा शेजारी बसलेला पियानोवादक गोडोव्स्की उत्तरला, पियानोवाल्यांना नाही.

या साऱ्या किश्श्यांवर मी मनापासून हसलो आहे. परंतु त्यांत एक गोष्ट मला सारखी खटकते : यांतील बहुतेक बाण पाठीवर सोडलेले आहेत. मोत्सार्टने पत्रात लिहिले, रोझेनथाल सभागृहाच्या बाहेर बोलला. गोडोव्स्कीने तोंडावर टोला दिला खरा, पण तो पियानोवाला नसलेल्या माणसाला. ज्याची खिल्ली उडविली त्याला तत्काळ, त्याच श्रोत्यांसमोर, त्याच तालात उलट उत्तर देण्याची सोय तेथे नव्हती. आमच्याकडे ती सोय हाच खेळाचा गाभा. शाहिराने केलेला अपमान हा सवाल असावा लागे. म्हणजे त्याला जबाब असला पाहिजे, आणि तो जबाब सवाल करणाऱ्याला स्वतःला ठाऊक असला पाहिजे. ज्याची उकल स्वतःलाच येत नाही असे कूट घालणे ही लबाडी मानली जाई आणि पंच ती पकडीत. विचार करावा, ही केवढी विलक्षण अट आहे! माझ्यावर कुरघोडी कशी करावी याचे उत्तर खिशात ठेवूनच तू माझ्यावर कुरघोडी करू शकतोस.

आता या चित्राची काळी बाजू लपवू नये. सर्व रात्री व्याकरणात सरत नसत. सवाल संपले, किंवा दारू चढली, की जात निघे, जन्म निघे, एकमेकांच्या आयाबहिणी निघत. आणि ज्या शक्तीचा महिमा कलगीवाला गात असे तिच्याच जातीची विटंबना नाच्याच्या हावभावांतून दोन्ही पक्ष समान उत्साहाने करीत. कमअस्सल शाहिराला असली गंमत सोपी पडते, कारण तिला पाठांतर लागत नाही. पेशवाईच्या पुण्यातही याहून वेगळे नसावे. सोलापूरचा रामजोशी हा शास्त्री-जोश्यांच्या घरातला. धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागल्यामुळे भावाने त्याला घराबाहेर काढले. संगमनेरच्या अनंत फंदीला अहल्याबाई होळकरांनी दोन शब्द सुनावले म्हणून तो डफ टाकून कीर्तनाकडे वळला असे सांगतात. होनाजी गवळी आणि सगनभाऊ शिकलगार हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून गाजले. एक दूधदुभत्याच्या घरातला हिंदू, दुसरा हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातला मुसलमान. त्यांच्या फडांतील चकमकी लिहून ठेवायला कोणी बसले नव्हते, लावण्या तेवढ्या उरल्या. आजच्या शहरी वाचकाला सवाल-जवाब म्हटले की १९४७ चा 'रामजोशी' किंवा १९६४ चा 'सवाल माझा ऐका!' आठवतो, ते चित्रपट देखणे होते यात संशय नाही, परंतु चित्रपटातल्या शाहिराला आपण जिंकणार हे पहिल्या सवालापासून ठाऊक असते, आणि म्हणून त्याच्या कपाळावर घाम येतो तो रंगभूषाकाराने शिंपडलेला.

स्वातंत्र्यानंतर भांडणाचे विषय पालटले. शिव-शक्तीच्या जागी दारूबंदी, हुंडा, कुटुंबनियोजन, ग्रामसफाई आली. शासनाच्या प्रचाराची कामे शाहिरांना मिळू लागली आणि कलगी व तुरा दोघांनाही एकाच बाजूने बोलावे लागले. दोन्ही फड दारूच्या विरुद्ध! मग भांडायचे कशावर? काही चतुर शाहिरांनी तोड काढली. एकाने नवरा व्हावे, दुसऱ्याने बायको. पण ज्या सवालाचे उत्तर सरकारी पत्रकात आधीच छापलेले आहे त्यात रंग तो किती भरणार. दुय्यमाची खरी धग त्या काळात दुसरीकडे गेली. बुद्ध-भीम गीतांची दुय्यम कव्वाली विदर्भात गावोगाव उभी राहिली. तेथे जुन्या पुराणांची उकल नव्हे, उलटतपासणी होऊ लागली, आणि कवनाच्या ओळीत कायद्याचे कलम बसविण्याचे कसब दिसू लागले. ज्या समाजाला शतकानुशतके जातीवरून टोमणे खावे लागले त्याने टोमण्याचे शस्त्र हाती घेऊन ते परजले, ही घटना मला कलगी-तुऱ्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा जबाब वाटते.

बाकीचे ऱ्हासाचे वर्णन लांबविण्यात अर्थ नाही. गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. धरण पवनी तालुक्यात, पण त्याचे फुगलेले पाणी कुही तालुक्यातील कित्येक गावांच्या अंगणापर्यंत आले आणि गावे उठली. पुनर्वसनाच्या वसाहतीत घरे मोजून मिळतात, मंडईचे मैदान मोजून मिळत नाही; मंडईची तिथी तर कोणत्याच मोबदल्याच्या यादीत नसते. नागपूर-नागभीड ही लहान रेल्वे, जी १९०८ पासून कुहीवरून डुलत डुलत जात होती, ती रुंद होण्यासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. तिच्या डब्यात ढोलकी मांडीवर घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. तिकीट तपासनीसाने, ही ढोलकी सामानात मोडते की प्रवाशांत, असे विचारल्यावर एका सोंगाड्याने दिलेले उत्तर येथे लिहिण्याजोगे नाही.

वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्जासोबत आपण खरोखर कलावंत होतो याचा पुरावा जोडावा लागतो. डफ वाजविणाऱ्या हाताला पुरावे राखून ठेवण्याची सवय नसते. पत्रके भिंतीवरच पावसात विरलेली, वह्या वाळवीने खाल्लेल्या, गुरू निवर्तलेले. अशा एका तुरेवाल्या म्हाताऱ्याची हकीकत मला कुहीकडच्या एका स्नेह्याने सांगितली. ती ऐकीव आहे, तेव्हा जशी ऐकली तशी देतो. कागद अपुरे म्हणून अर्ज अडला. कोणी साक्षीदार आहे काय, असे विचारले गेले. म्हातारा घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्याशी हयातभर भांडला त्या कलगीवाल्याला हाताला धरून घेऊन आला. दोघांचेही दात गेलेले. कारकुनाने लेखणी उचलून विचारले, हे शाहीर होते हे तुम्ही कशावरून सांगता? कलगीवाल्याने क्षणभर आपल्या जुन्या वैऱ्याकडे पाहिले.

"काहून जी, मी याले तीस मंडयांत हरवलो," तो म्हणाला. "शायर नसता, तर काय मी तीस वर्षं एकटाच उभा होतो?"

त्यावर तुरेवाला उसळला. तीस नव्हे, अठराच. उरलेल्या बारांत बरोबरी झाली होती, आणि त्यांतल्या एकीत तर याने घातलेल्या कुटाची उकल याला स्वतःलाच येत नव्हती, पंच गावातलेच होते म्हणून वाचला. कलगीवाला म्हणाला, कोणते कूट? आणि तेथेच, टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून, ते कूट पुन्हा एकदा घालण्यात आले. रांगेतल्या माणसांनी आपापले अर्ज घडी करून खिशात ठेवले. कारकुनाने 'साक्षीदाराचे अर्जदाराशी नाते' या रकान्यापुढे काय लिहावे याचा बराच वेळ विचार केला, आणि शेवटी 'दुय्यम' असे लिहून शिक्का मारला.